क्लब घसरला, आता मॅनेजर कोण? ब्लॅकबर्न, पुणे आणि दोन ‘सात मे’

(या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे छाटलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये असाल तर हेडफोनचा आवाज थोडा वाढवा, कारण आजची गोष्ट कोंबडीपासून सुरू होते.

७ मे २०१२. इंग्लंडमधलं ब्लॅकबर्न नावाचं गाव, इवूड पार्क स्टेडियम, वरून धो धो पाऊस. ब्लॅकबर्न रोव्हर्स विरुद्ध विगन. ब्लॅकबर्न हरलं तर प्रीमियर लीगमधून बाहेर. आणि चालू सामन्यात मैदानावर एक जिवंत कोंबडी धावत येते. तिच्या अंगावर ब्लॅकबर्नचा झेंडा गुंडाळलेला. प्रेक्षकांपैकीच कुणीतरी सोडलेली. खेळ थांबला, कोंबडी पकडली, पुन्हा खेळ सुरू झाला. सामना संपत आला असताना विगनच्या अल्काराझने कॉर्नरवर हेडर मारला. १-०. खेळ खलास. अकरा वर्षं सलग प्रीमियर लीगमध्ये असलेला, १९९५ साली चक्क ती लीग जिंकलेला क्लब खाली गेला.

आता कोंबडीच का? कारण क्लबचे मालक आपले पुण्याचे. वेंकीज. हो, तेच चिकनवाले. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना हा क्लब घेतला. प्रीमियर लीगमधला क्लब विकत घेणारी ती पहिली भारतीय कंपनी. पुढच्याच वर्षी ब्लॅकबर्नची टीम बालेवाडीला येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामनाही खेळून गेली. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खातायत अशी एक जाहिरात पण आली होती, यूट्यूबवर शोधा, मजा आहे. ब्लॅकबर्नच्या लोकांना मात्र त्यात मजा वाटली नव्हती.

तर आजचा विषय हा, की क्लब खालच्या लीगमध्ये घसरला की नवा मॅनेजर निवडायचा कसा? की जुनाच ठेवायचा? ब्लॅकबर्न घेण्याचं कारण सरळ आहे. याच मालकांसमोर हा प्रश्न दोनदा आला, २०१२ मध्ये आणि २०१७ मध्ये. दोन्ही वेळा ते म्हणाले, ‘आहे तोच राहील.’ एकदा पूर्ण वाट लागली आणि एकदा ते उत्तर अगदी बरोबर निघालं. तेच घर, तोच निर्णय, मग फरक कुठे पडला?

ज्यांना फुटबॉलचा हा भाग नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगतो. आपली आयएसएल सुरू झाली ती रेलिगेशनशिवायच, त्यामुळे आपल्याला याची धग कळत नाही. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगमधल्या वीस टीमपैकी खालच्या तीन दरवर्षी चॅम्पियनशिपमध्ये जातात. तिथे चोवीस टीम, प्रत्येकीला ४६ सामने. तिथूनही घसरलात तर लीग वन. खाली गेलं की टीव्हीचा पैसा धाडकन कमी होतो. काही वर्षं ‘पॅराशूट पेमेंट’ म्हणून मदत मिळते, पण चांगले खेळाडू थांबत नाहीत. झळ फक्त खेळाडूंना बसते असंही नाही. ऑफिसातली माणसं, कँटीनमधल्या मावशी, तिकीट खिडकीवरचा मुलगा, सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. लाख-सव्वालाख वस्तीच्या गावात क्लब म्हणजे काय असतो, हे आपण आपल्या गावच्या साखर कारखान्यावरून समजू शकतो. कारखान्याचा बॉयलर पेटला नाही की अख्ख्या बाजारपेठेचा चेहरा उतरतो, तसं.

आणि मॅनेजर म्हणजे बँकेतला मॅनेजर नव्हे हां. टीम कोण खेळणार, कशी खेळणार, कोण विकायचा, कोण आणायचा, या सगळ्यात ज्याचा हात असतो तो. क्रिकेटमधला कोच, कॅप्टन आणि निवड समितीतला अर्धा माणूस एकत्र केला की साधारण तो होतो.

तर २०१२. तेव्हाचा मॅनेजर होता स्टीव्ह कीन. वेंकीज आले तेव्हा मॅनेजर होता सॅम अ‍ॅलरडाइस, जुना, अनुभवी, टीम वाचवण्यात हातखंडा असलेला माणूस. टीम तेराव्या नंबरवर होती, म्हणजे ठीकठाक. क्लब घेऊन महिनाही झाला नव्हता आणि डिसेंबर २०१० मध्ये त्याला काढलं. जागेवर आला त्याच्याच हाताखालचा कोच कीन, ज्याने त्याआधी कधीच कुठल्या क्लबचा मॅनेजर म्हणून काम केलं नव्हतं. पहिल्या हंगामात शेवटच्या दिवशी वूल्व्ह्जला ३-२ हरवून वाचले. दुसऱ्या हंगामात ३८ सामन्यांत ३१ गुण आणि रेलिगेशन.

मधे एक गंमत सांगतो. त्याच दुसऱ्या हंगामात, ३१ डिसेंबर २०११ ला, हीच टीम ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडला ३-२ हरवून आली. सर ॲलेक्स फर्ग्युसनच्या सत्तराव्या वाढदिवशी! म्हणजे कीन अगदीच कुचकामी होता असं म्हणणं अन्याय होईल. पण गावाने त्याला कधीच आपला मानलं नाही. वर्षभर मोर्चे, बॅनर, शिव्या. काही वेळा ते इतकं वैयक्तिक पातळीवर गेलं की माझ्यासारख्या बाहेरच्या माणसालाही ऐकवत नव्हतं.

घसरण झाल्यावर कीन पुण्याला येऊन मालकांना भेटला, आणि निर्णय झाला की तोच राहणार.

आता मालकांच्या बाजूने विचार करून बघा. मी खरंच करून बघितला. मॅनेजर बदलायचा म्हणजे जुन्याला भरपाई द्या, नवा शोधा, त्याचे असिस्टंट आणा, त्याला टीम समजायला वेळ द्या. मेमध्ये हंगाम संपतो आणि ऑगस्टमध्ये पुढचा सुरू होतो. म्हणजे हातात जेमतेम तीन महिने. त्यात खेळाडू विकणं-घेणं. या परिस्थितीत ‘आहे तो बरा’ हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाहीये. शिवाय पैसाही लावला त्यांनी. हडर्सफील्डकडून जॉर्डन ऱ्होड्स आणला, ८० लाख पौंडांना. चॅम्पियनशिपमध्ये एवढे पैसे त्या काळात कोणी सहज टाकत नव्हतं. डॅनी मर्फी आला, पोर्तुगालचा नुनो गोमेश आला. नावं बघा! आणि सुरुवात चांगली झाली. सप्टेंबरअखेर टीम टेबलात वरच्या भागात होती.

आणि तरीही २८ सप्टेंबरला कीनने राजीनामा दिला.

इथे मी अडकलो होतो. टीम जिंकतेय, वर आहे, मग बिघडलं काय? मला आता असं वाटतं की घसरलेल्या क्लबच्या मॅनेजरला हरलेले सामने एक वेळ माफ होतात, पण ज्या दिवशी स्टेडियमने ठरवलं की हा माणूस नको, त्या दिवसानंतर त्याचं जिंकणंही कोणाला नको असतं. प्रत्येक बरोबरी म्हणजे पराभव, प्रत्येक पराभव म्हणजे मोर्चा. अशा माणसाला ठेवायचं असेल तर मालकांनी रोज गावात उभं राहून त्याची ढाल व्हावं लागतं. मालक बसले होते पुण्यात, सात हजार किलोमीटरवर. आणि मधल्या जागेत सल्लागार, डायरेक्टर अशी भरपूर माणसं, पण शेवटचा शब्द कोणाचा हे बाहेरून कुणाला कळेना.

यानंतर जे झालं ते मी तुम्हाला वेबसिरीजसारखं सांगू शकतो, पण खरं सांगायचं तर हसावं की रडावं कळत नाही.

एरिक ब्लॅकने काही आठवडे हंगामी म्हणून गाडी हाकली. मग ३१ ऑक्टोबरला आला हेनिंग बर्ग. नॉर्वेचा, १९९५ च्या त्या चॅम्पियन टीममधला बचावपटू. कागदावर बघाल तर म्हणाल, वा, काय निवड आहे! आपला माणूस, लोकांचा लाडका. चाहत्यांचा राग शांत करायचा सोपा उपाय म्हणजे जुना हिरो आणून बसवणं, हे आपल्याकडे निवडणुकीतही चालतं. पण चॅम्पियनशिपच्या ४६ सामन्यांच्या चक्कीसाठी हा माणूस बरोबर आहे का, हा प्रश्न वेगळा होता. दहा सामने, एक विजय. २७ डिसेंबरला नारळ. सत्तावन्न दिवस.

आणि इथे खरी मेख आहे. बर्गचा करार तीन वर्षांचा होता आणि मधेच काढलं तर उरलेल्या मुदतीचा पगार द्यायचा असं त्यात लिहिलेलं. तो कोर्टात गेला. क्लबने आधी देणं मान्य केलं आणि मग पलटून म्हटलं, की ज्या अधिकाऱ्याने हा करार केला त्याला तसा करार करायचा अधिकारच नव्हता! हायकोर्टाने क्लबला माघार घेऊ दिली नाही. साडेबावीस लाख पौंड. दहा सामन्यांनी भागा. सामन्यामागे सव्वादोन लाख पौंड.

पैसे सोडा, ते वाक्य बघा. ‘त्याला अधिकारच नव्हता.’ एखाद्या क्लबला भर कोर्टात असं म्हणावं लागतं, याचा अर्थ मॅनेजर कोण निवडतं, त्याला शब्द कोण देतं, हेच घरात ठरलेलं नव्हतं. पेपरात सगळे लिहीत होते बर्ग चुकला, अ‍ॅपलटन चुकला. अरे, निवडणारा कोण हेच ठरलेलं नसेल तर निवड बरोबर येणार कुठून?

अ‍ॅपलटन राहिलाच सांगायचा. जानेवारी २०१३ मध्ये मायकेल अ‍ॅपलटन ब्लॅकपूल सोडून आला, तिथेही तो जेमतेम दोन महिनेच होता. फेब्रुवारीत त्याच्या टीमने एफए कपमध्ये आर्सेनलला त्यांच्याच घरी १-० हरवलं. लंडनमध्ये जाऊन! मार्चमध्ये त्यालाही काढलं. सदुसष्ट दिवस. मग राखीव टीमचा कोच गॅरी बोयर, ज्याने आधी मधल्या काळात हंगामी म्हणून भर घातली होती, त्याच्याच गळ्यात पुन्हा माळ. एका हंगामात बाकावर पाच वेगवेगळी माणसं. ऱ्होड्सने पंचवीसहून जास्त लीग गोल मारले, आणि तरीही टीम सतरावी. सलग दुसऱ्या घसरणीपासून फार लांब नव्हती.

मधली वर्षं पटकन सोडतो. बोयरने शांतपणे टीम आठव्या-नवव्या नंबरपर्यंत नेली, तोही गेला. पॉल लॅम्बर्ट आला, गेला. २०१६ मध्ये ओवेन कॉइल आला, जो आधी बर्नलीचा मॅनेजर होता. बर्नली आणि ब्लॅकबर्न म्हणजे स्वारगेट ते निगडी एवढंच साधारण अंतर, आणि वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. लोकांनी त्याला पहिल्या दिवसापासून कसं घेतलं असेल ते सांगायला नको. फेब्रुवारी २०१७ मध्ये टीम तळाला गेल्यावर त्याला काढलं आणि टोनी मोब्रे आला. पंधरा सामने शिल्लक.

मोब्रेने जवळजवळ वाचवलं होतं. पंधरापैकी फार थोडे सामने तो हरला. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्नने ब्रेंटफर्डला त्यांच्या घरी ३-१ हरवलं, पण तिकडे नॉटिंगहॅम फॉरेस्टही ३-० जिंकलं. दोघांचे ५१ गुण. गोलफरकावर ब्लॅकबर्न खाली, लीग वनमध्ये, तिसऱ्या पातळीवर. तारीख होती ७ मे २०१७. विगनच्या त्या पावसाळी सामन्याला बरोबर पाच वर्षं.

प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या पातळीवर जायची ही पहिलीच वेळ होती. म्हणजे यावेळी पणाला लागलेलं जास्त होतं. पॅराशूटचा पैसा संपलेला, स्टेडियम अर्धं रिकामं, लोक मालकांवर खवळलेले. आणि मोब्रेही कीनसारखाच विमानात बसून पुण्याला आला. मालकांना भेटला. निर्णय तोच, की आहे तोच राहील.

पण यावेळी चित्र वेगळं होतं. घसरणीचं पाप मोब्रेच्या डोक्यावर नव्हतं, हे गावाला माहीत होतं. तो आला तेव्हा जहाजात पाणी शिरलेलंच होतं. लोक मालकांना शिव्या घालत होते, पण मोब्रेला नाही. दुसरं म्हणजे त्याला ते जग माहीत होतं. ब्लॅकबर्नला यायच्या काही महिने आधीपर्यंत तो कव्हेंट्री सिटीचा मॅनेजर होता, लीग वनमध्येच. ती मैदानं, मंगळवारच्या रात्रीचे ते सामने, तिथे कोण पोरगा चांगला खेळतो, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरचं होतं. त्याने जिलिंगहॅममधून ब्रॅडली डॅक उचलला. ऱ्होड्सच्या किमतीच्या पासंगालाही न पुरणारी रक्कम. डॅकने त्या हंगामात लीगमध्ये १८ गोल मारले आणि लीग वनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जानेवारीत न्यूकॅसलकडून ॲडम आर्मस्ट्राँग लोनवर आणला, तोही कव्हेंट्रीत मोब्रेच्याच हाताखाली खेळलेला.

म्हणजे २०१२ ची खरेदी वरच्या लीगमधल्या नावांची होती, आणि २०१७ ची खरेदी ज्या लीगमध्ये खेळायचंय तिथली. मला वाटतं मॅनेजर निवडतानाही हाच चष्मा लावायला पाहिजे. घसरलेला क्लब अजून स्वतःला वरचाच समजत असतो. आरशात बघून मॅनेजर निवडतो. फिक्श्चर लिस्ट बघून निवडत नाही.

आता खरी परीक्षा. हंगाम सुरू झाला. पहिला सामना, साउथएंड, हरले. दुसरा, घरच्या मैदानावर डॉनकास्टरविरुद्ध, १-३ हरले. प्रीमियर लीगचा माजी विजेता, लीग वनमध्ये, दोन सामने, शून्य गुण. २०१२-१३ चं वर्ष आठवा. दहा सामन्यांत बर्ग गेला होता.

यावेळी काही झालं नाही.

मला अख्ख्या गोष्टीत हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि याची हेडलाइन कधी होत नाही, कारण ‘मालकांनी काहीच केलं नाही’ ही काय बातमी आहे का? पुण्यातून फोन गेला असेल-नसेल, मला माहीत नाही. पण मोब्रे बाकावर बसून राहिला, आणि टीम हळूहळू जिंकायला लागली. हंगाम संपला तेव्हा ९६ गुण, विगनच्या मागे दुसरा नंबर, थेट बढती. बढती पक्की झाली २४ एप्रिल २०१८ ला, आणि कुठे? डॉनकास्टरमध्ये. चार्ली मलग्रूचा गोल, १-०. ज्यांनी ऑगस्टमध्ये घरी येऊन धुतलं होतं, त्यांच्याच मैदानावर. मोब्रे पुढे २०२२ पर्यंत राहिला. याच मालकांच्या हाताखाली, पाच वर्षांहून जास्त.

कोणी म्हणेल, अरे लीग वनमधून वर येणं सोपं असतं, ब्लॅकबर्नचं बजेट तिथे मोठं होतं. बरोबर आहे. पण संदरलंडला विचारा. २०१७ मध्येच ते प्रीमियर लीगमधून घसरले, सायमन ग्रेसनला आणलं, ऑक्टोबरअखेर काढलं, ख्रिस कोलमनला आणलं, आणि त्याच हंगामात पुन्हा घसरून लीग वनमध्ये. तिथून बाहेर पडायला त्यांना चार हंगाम लागले. नेटफ्लिक्सवर सिरीज आहे त्यावर, बघितली नसेल तर बघा. त्यात कँटीनमधल्या बायका दिसतात ना, मी मघाशी म्हटलं ते त्यांच्याचमुळे.

आणि ‘जुना ठेवा’ हेच नेहमी बरोबर असंही मी म्हणत नाहीये. शेजारच्या बर्नलीचं बघा. २०२२ मध्ये घसरले आणि त्यांनी एकदम उलटं केलं. जवळजवळ दहा वर्षं शॉन डाइशचं रांगडं, लांब चेंडूचं फुटबॉल खेळलेला क्लब, त्यांनी आणला व्हिन्सेंट कोंपनी. अर्धी टीम विकली गेली, नवी पोरं आली, खेळायची पद्धतच बदलली. १०१ गुण. सात सामने राखून बढती. आणि लीगचं विजेतेपद कुठे पक्कं केलं माहितीये? इवूड पार्कवर, ब्लॅकबर्नला १-० हरवून. ब्लॅकबर्नच्या माणसांसमोर हे वाक्य चुकूनही बोलू नका.

पण पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये तीच टीम, तोच मॅनेजर, तीच पद्धत, फक्त २४ गुण. पुन्हा खाली. आणि तरी कोंपनी तिथून थेट बायर्न म्युनिकला गेला! फुटबॉल आहे बाबा, तर्क शोधू नका. म्हणजे खाली आल्यावर जो माणूस वर नेतो, तो वर टिकवेलच असं नाही. क्लबने मेमध्ये ठरवायला हवं की आपण एका वर्षासाठी माणूस शोधतोय की पाच. बर्नलीला बहुतेक पहिलंच हवं होतं, ते मिळालं.

एका श्रोत्याने मागे इन्स्टावर विचारलं होतं, ‘दादा, वेंकीजने क्लब विकावा का?’ ब्लॅकबर्नमधले कितीतरी लोक वर्षानुवर्षं हेच ओरडतायत. पैसा त्यांनी ओतला, हे मान्य करावंच लागेल. त्या क्लबवर त्यांनी कमावलंय असं तर कोणी म्हणणार नाही. पण २०१०-१२ मध्ये जे झालं ते त्या गावाने पचवलेलं नाही, आणि २०१८ च्या बढतीनेही ते पुसलं गेलं नाही. माझ्यासारख्या पुणेकराला ही थोडी विचित्र जागा वाटते. आपल्या गावातला एक निर्णय, आणि तिकडे लँकेशायरमध्ये कुणाच्या तरी आजोबांचा शनिवार खराब.

तुमच्यापैकी कोणी २०११ ला बालेवाडीला तो सामना बघायला गेला होता का? मी अकरावीत होतो, दुसऱ्या दिवशी पेपर होता, आईने जाऊ दिलं नाही. गेला असाल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात लावतो. आणि फोटो असेल तर अजूनच भारी.

चला, भेटू पुढच्या शुक्रवारी.